सोप्यावरचा सोपा खेळ

चवथीला डिचोलीच्या घरी गेलो होतो. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान काढायला माळ्यावर चढलो, तर पत्र्याच्या पेटीत माझा जुना गेमबॉय, हातात धरून खेळायचं यंत्र, सापडला. माझे मामा बोटीवर होते, त्यांनी नव्वदच्या दशकात आणलेला. करडा, विटेएवढा. आत खेळाची कॅसेट तशीच, 'कर्बीज ड्रीम लँड', कर्बी नावाच्या गोल गड्याचा खेळ. सेलच्या जागी हिरवा गंज धरला होता. लिंबू लावून घासला, बाजारातून चार पेन्सिल सेल आणले, बटण सरकवलं आणि चक्क 'टिंग' वाजलं! त्या काळच्या पुष्कळ कॅसेटींत खेळ कुठवर आला ते जपायला एक छोटी बॅटरी असायची. ती मेली की जपलेलं सगळं पुसलं जातं. हिच्यात ती भानगडच नाही. खेळच एवढासा, जपायचं काय?

खरं सांगतो, लहानपणी या खेळाचा मला राग आला होता. एका दुपारीत संपला. मोजून पाच टप्पे, सरावलेला माणूस अर्ध्या तासात उरकतो. वर्षातून एक कॅसेट मिळणाऱ्या पोराला हा सौदा तोट्याचाच. शेजारच्यांच्या टीव्ही गेमवर कॉन्ट्रा हा गोळीबाराचा खेळ होता. तीन जीव, एक गोळी लागली की एक गेला. तिथली मोठी मुलं रिमोट हातात धरायची आणि मला म्हणायची, तू बघ, तुला जमायचं नाही. मी दोन वर्षं नुसता बघत होतो. पण शान त्या खेळाची होती. माझ्याकडे हा फुगणारा लाडू आहे, हे मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

माझी भाची सात वर्षांची. गेमबॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून आम्ही बाहेर सोप्यावर जाऊन बसलो. तिने आधी कधी बटणांचा खेळ धरलेला नव्हता. पहिलाच खड्डा आला आणि ती घाबरून ओरडली. म्हटलं, वरची कळ दाबून धर. कर्बीने तोंडभर हवा भरली आणि निघाला तरंगत. खड्डा खालून गेला! मग काय, बाईसाहेब शत्रूंच्या डोक्यावरून उडतच राहिल्या. मी 'अगं, खाली उतर, लढ' म्हणणार होतो, गप्प बसलो. खेळाची काही हरकत नव्हती, मग माझी का असावी?

मासाहिरो साकुराईंनी हा खेळ रचला तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. खेळ १९९२ चा, आणि मुद्दाम ज्यांनी कधीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी केलेला. ते पावलोपावली दिसतं. पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक झाड आहे, वरून सफरचंदं टाकतं. तीच ओढून घ्यायची आणि त्याच्याच अंगावर थुंकायची. हे कुणी लिहून सांगत नाही. भाचीने चुकून एक सफरचंद ओढलं, घाबरून बटण दाबलं, ते झाडाला लागलं आणि झाडाने तोंड वाकडं केलं. ते बघून ती जी हसली! पुढच्याच वर्षीच्या खेळात कर्बी ज्याला गिळेल त्याची विद्या उचलायला लागला. इथे तसलं काही नाही. ओढा, मग थुंका नाहीतर गिळा. सात वर्षांच्या डोक्याला तेवढं पुष्कळ.

(पडदा हिरवट, त्यामुळे कर्बीचा रंग कोणता यावरून आमचं भांडण झालं. अमेरिकेत खोक्यावर त्याला पांढरा छापला होता, साकुराईंच्या मनात मात्र तो गुलाबी. भाचीचा निकाल, रव्याचा लाडू.)

कथा काय, तर राजा डीडीडीने सगळ्यांचं खाणं पळवलं. आत नेवऱ्या (करंज्या) तळल्या जात असताना याहून मोठा गुन्हा तिला पटण्यासारखा नव्हता. राजाने तिला चार वेळा आपटलं. पाचव्यांदा तो पडला, कर्बी फुग्यासारखा फुगून अख्खा किल्ला उचलायला लागला आणि भाची सोप्यावर उभी राहिली, 'मामा, हांव जिखलें!'

तिने स्वतः, पहिल्यापासून शेवटपर्यंत काहीतरी संपवलं होतं. मला ते कॉन्ट्रामध्ये आजतागायत जमलेलं नाही.

भावजींना हे सगळं पोरकट वाटलं. ते रात्र रात्र कसले कसले अवघड खेळ खेळतात. 'यात काय आव्हान आहे?' म्हणाले. मी काही बोललो नाही. खेळ संपल्यावर तो स्वतःच एक गुपित सांगतो: सुरुवातीच्या पडद्यावर वरची कळ, ए आणि सिलेक्ट एकत्र दाबा. तेच पाच टप्पे, पण शत्रू तापट आणि मार जबर. ते चालू करून यंत्र त्यांच्या हातात दिलं.

आरती झाली, घुमटं (आरतीला वाजवायची मातीची वाद्यं) खुंटीला गेली, पानं वाढली तरी भावजींचा पत्ता नाही. बाहेर जाऊन बघतो तर ते सोप्यावर, टॉर्च लावलेला मोबाईल दातात धरून. शेजारी भाची बसलेली, त्यांना हळूच सांगतेय, 'पप्पा, वयली कळ दाम. उडून वच.'