काथ्याचा दोर

आज ऐच्छिक विषयांचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. एक विद्यार्थी वडिलांना घेऊन आला आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याचा पेपर बदलून द्या, असे त्याने खाली मान घालून सांगितले. वडिलांनी विचारले, "मॅडम, याला स्कोप काय?" त्यांचा मला राग आला नाही. राग आला तो शेजारच्या टेबलावरून "ते जिनिव्हाचं, संयुक्त राष्ट्रांचं, आपल्याकडे काय कामाचं?" असे म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचा, कारण ते स्वतः कायदा शिकवतात.

मी एलएल.एम. करत असताना आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला हातभर काथ्याचा दोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा दातांनी तोडून दाखवा." आम्ही ओशाळून हसलो. मग त्यांनी नीलाबती बेहेरा यांचा खटला सांगितला. १ डिसेंबर १९८७ रोजी ओडिशात पोलिसांनी त्यांच्या २२ वर्षांच्या मुलाला, सुमनला, चोरीच्या तपासासाठी घरून नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. रात्री दोर चावून तो पळाला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, पोलिसांची कहाणी फेटाळली आणि १९९३ मध्ये राज्य सरकारला दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

त्या निकालात न्यायालयाने आधार घेतला तो नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा. बेकायदा अटक झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क आहे, असे त्याचा अनुच्छेद ९(५) सांगतो. १९७९ मध्ये या करारात सामील होताना आपल्या सरकारने नेमक्या याच तरतुदीला हरकत नोंदवून ठेवली होती. सरकारने जे नाकारले, ते एका आईच्या पत्रावर न्यायालयाने देऊ केले. हे ज्याला कामाचे वाटत नाही, त्याने कायद्याच्या वर्गात उभे तरी का राहावे? माझे हेच सहकारी महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर आहेत. त्या समितीचा उगम कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या विशाखा निकालात आहे आणि तो निकाल स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचे बोट धरूनच लिहिला गेला.

या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत, हे मान्य. नागरी हक्कांच्या त्या कराराला जोडलेला, व्यक्तीला तक्रारीची वाट देणारा ऐच्छिक प्रोटोकॉल आपण स्वीकारलेला नसल्यामुळे भारतीय नागरिकाला संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातील मानवी हक्क समितीकडे थेट तक्रारही करता येत नाही. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन, म्हणजे अंतिम मान्यता, अजून दिलेले नाही. मग हे सारे उद्याच्या वकिलांना माहीत असायला नको का?

दोष आम्हा शिकवणाऱ्यांचाही आहे. १० डिसेंबर १९४८ ही मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची तारीख आम्ही पाठ करून घेतो, पण त्याच्या पहिल्याच अनुच्छेदात सर्व "पुरुष" असा नव्हे, तर सर्व "मनुष्य" असा अर्थ निघावा म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी शब्द बदलायला लावला, हे किती वर्गांत सांगितले जाते? आमच्या बाई सांगत असत. तो दोर वर्गभर फिरला तेव्हा मीही दातांत धरून पाहिला होता. त्याच्या कुसळांनी जीभ खरखरीत झाली आणि दोराचा एक पदरसुद्धा सुटला नाही. त्यानंतर पोलिसांची ती कहाणी खोटी आहे, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

लिहिता लिहिता राग ओसरला आहे. ते वडील अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते, त्यांच्या हातात शैक्षणिक कर्जाची फाईल होती आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. मी मात्र मुकाट्याने अर्जावर सही केली. हे सारे मला त्यांना तिथेच सांगता आले असते. उद्या त्यांना फोन करणार आहे. मुलाने पेपर बदलला तरी हरकत नाही, पण सोमवारच्या पहिल्या तासाला त्याने नुसते येऊन बसावे, एवढीच विनंती करणार आहे. वाण्याकडून काथ्याचा दोर आजच आणून ठेवला आहे.