न प्यालेल्या रसाचे वीस रुपये

परवाचे वीस रुपये अजून डोक्यातून जाईनात. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं, पण ते वीस रुपये मी लातूरच्या बसस्टँडसमोरच्या एका रसवंतीत रस न पिण्याबद्दल भरलेत. पिण्याबद्दल नाही, न पिण्याबद्दल. पावती मागितली असती तर त्यानं त्यावर काय लिहिलं असतं, हा विचार मला भांडी घासताना येतो आणि मग भांडी जरा जोरात घासली जातात.

झालं असं की मे महिना, दुपारचे अडीच, उदगीरची गाडी लागायला पाऊण तास आणि सोबत दहा वर्षांचा भाचा, ज्याला चरकाच्या घुंगरांचा आवाज आला की रस पाहिजेच असतो. मला रस चालत नाही. म्हणजे लई चालतो, पण तीन महिन्यांपासून मी साखर सोडलेली बाई आहे, त्यामुळं शेजारच्या दुकानातून चाळीस रुपयांचा थंडगार डाएट कोल्याचा डबा घेतला आणि भाच्याशेजारी खुर्चीत बसून उघडला. मालकानं चरकात ऊस घालता घालता, मानसुद्धा न वळवता सांगितलं, "म्याडम, बाहेरचं आत प्यायचं न्हाई. पाटी हाय." पाटी होती, चिपाडाच्या ढिगामागं. मी म्हणलं, अहो हा पितोय ना तुमचा रस. "त्याची एक खुर्ची, तुमची एक खुर्ची. बसायचं तर गिलास घ्यावा लागतो." घुंगरं थांबली, सगळी रसवंती माझ्याकडं बघायला लागली, आणि चारचौघांत वाद घालण्यापेक्षा पैसे फेकणं मला सोपं जातं (ह्याच स्वभावानं माझं वाटोळं केलंय), म्हणलं हे घ्या वीस रुपये, पण रस नको.

"शुगर हाय का?" त्यानं विचारलं.

आणि शुगर म्हणल्याबरोबर समोरच्या खुर्चीतल्या आजींनी मान वर केली.

आजी सत्तरीच्या पुढच्या, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो मोठ्ठा काळा चष्मा. मांडीवर ड्रॉप्सची पिशवी. नातू गाडी कुठं लागली ते बघायला गेलेला. त्या चष्म्यामुळं आजी नेमक्या कुठं बघतायत ते कळत नव्हतं, म्हणून मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाशी बोलतायत.

"किती हाय?"

"काय किती?"

"शुगर गं माय."

"मला शुगर नाही आजी."

"मंग रस का पिईनास?"

"वजन कमी करायचंय."

काळा चष्मा माझ्या डोक्यापासून चपलेपर्यंत सावकाश खाली गेला आणि तितकाच सावकाश वर आला.

"कवापसून?"

"तीन महिने झाले."

त्यावर आजी काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. तीन महिन्यांत मी ९१ किलो ४०० ग्रॅमवरून ९२ किलो १०० ग्रॅमवर आलेय हे फक्त मला आणि बाथरूमबाहेरच्या काट्याला माहीत आहे, आणि आता बहुतेक आजींनाही.

"आन ते हिकडं," त्यांनी डबा घेतला, कानाजवळ हलवून बघितला. "काय काय लिव्हलंय वाच बरं. डाक्टरनं आठ दिस वाचायचं न्हाई म्हणलंय." मग जरा थांबून, "तसं मला आदीबी येत न्हवतं."

तर अशा रीतीनं मी, एम.ए. बी.एड., भर रसवंतीत डब्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायला लागले. मालकानं चरक बंद केला. बरोबर आहे, वीस रुपयांत करमणूक कोण सोडेल.

"कार्बोनेटेड वॉटर."

"म्हंजी?"

"पाणी. गॅस भरलेलं."

"मिरजंचं हाय का?"

अख्खी रसवंती हसली. बाहेरच्यांना हे कळणार नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, वाघिणी स्टेशनात आल्या तेव्हा लोक नवरदेव बघायला आल्यासारखे जमले होते. तेव्हा आमच्या घरी आठ दिवसांनी टँकर यायचा, आंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं कुंडीला, आणि त्याच जिल्ह्यात शिवारात ऊस. ते आठवलं की मला अजून हसू येत नाही, पण आजींचं टायमिंग होतं खरं.

"म्होरं वाच."

"ॲसिडिटी रेग्युलेटर."

"पित्ताचं औषिद घातलंय?"

"नाही, आंबटपणा आणायला ॲसिड असतं ते."

"म्हंजी पित्त घातलंय. बरं, मंग गोड कशानं लागतंय?"

"ॲस्पार्टेम. असेसल्फेम पोटॅशियम. सुक्रालोज."

आजींचा चेहरा एकदम ओळखीचा झाला. "ही तर फवारणीची नावं हायती. पंपाला किती मिली टाकायचं?"

आता मी ह्या बाबतीत अगदीच अडाणी नाही, रात्री झोप लागत नाही तेव्हा मी असलंच वाचत असते. मी मास्तरणीच्या आवाजात सांगितलं की ॲस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड असतं, सुक्रालोज ६०० पट, त्यामुळं चिमटीपेक्षा कमी लागतं. तसं बघितलं तर ह्या सगळ्या गोड पदार्थांचा शोध हात न धुण्यातून लागलाय. १८७९ साली फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत प्रयोगशाळेतून तसाच जेवायला बसला, पाव गोड लागला, झालं सॅकरीन. १९३७ साली एकानं प्रयोग करता करता सिगारेट ओढली, ती गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ साली श्लॅटर अल्सरच्या औषधावर काम करत होता, कागद उचलायला बोट जिभेला लावलं, ते ॲस्पार्टेम. ह्यातल्या एकाच्या जरी घरी माझी आई असती ("हात धुतले का? साबणानं?") तर आज अख्खं जग गपगुमान साखर खात बसलं असतं. आणि सुक्रालोज तर आपल्याच माणसाच्या नावावर आहे. १९७६, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज, शशिकांत फडणीस. किस्सा असा सांगतात की प्रोफेसर हफ म्हणाले ह्या पावडरीची टेस्ट कर, आणि फडणीसांनी टेस्ट केली. म्हणजे चाटून बघितली. इंग्रजाला ह्यात केवढा विनोद दिसतो, मला दिसत नाही. आपल्याकडं तपासायचं तेही टेस्ट आणि चाखायचं तेही टेस्ट, लिहायलासुद्धा एकच, मग त्या बिचाऱ्यानं काय करायचं?

हे सगळं मी आजींना सांगणार होते पण त्यांचं लक्ष नव्हतं, त्या डब्यावरच्या एका चौकटीवर बोट ठेवून बसल्या होत्या. "हितं काय हाय? येगळं लिव्हलंय."

"लहान मुलांसाठी शिफारस नाही. फे... फेनिलकीटोन्युरिया असणाऱ्यांसाठी नाही."

"ते काय आस्तंय?"

"जन्मापासूनचा आजार असतो एक. त्या लोकांना ह्यातलं काही पचत नाही."

"लेकराला द्यायचं न्हाई, आजाऱ्याला द्यायचं न्हाई. मंग कुणाला द्यायचं?"

"मोठ्या, धडधाकट माणसांना."

"त्यांला कशाला पायजे?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी घाईनं पुढं सरकले. "ऊर्जा शून्य. साखर शून्य. फॅट शून्य. प्रोटीन शून्य."

"आन पैसं?"

"चाळीस."

आजींनी काळा चष्मा मालकाकडं वळवला. काही बोलल्या नाहीत, नुसता वळवला. मालकानं ऊस पुसायचं फडकं तोंडावर धरलं. माझा सख्खा भाचा, ज्याच्या रसाचे पैसे मी भरलेत, तोही हसला.

मग मी जरा चिडूनच समजावलं. म्हणलं आजी, साध्या कोल्यात ३०० मिलीला ३० ग्रॅमच्या वर साखर असते, सहा चमचे. ह्यात शून्य. ते सोडून हे प्यायलं की तेवढी साखर वाचते, वजन थोडं तरी उतरतं, तसे प्रयोग झालेत, माणसांचे दोन गट करून, मोजून. हे खरंच आहे. हेही खरं आहे की वर्षानुवर्षं नुसतं निरीक्षण केलं तर डाएटवाले पिणारे जास्त जाड निघतात, पण त्याचा अर्थ काय काढायचा? दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून दवाखान्यानं आजार होतो म्हणायचं का? जाड माणूसच डाएट पितो ना, काटकुळा कशाला चाळीस रुपये घालेल.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "बरं. मंग आदी तू ते साखरंचं पीत हुतीस?"

"नाही. मला ते आवडत नव्हतं."

"मंग काय पीत हुतीस?"

"...पाणी."

"पान्यात साखर हुती का?"

मी खोटं बोलणार नाही, तीन महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी शून्य काढून तिथं शून्य ठेवलं होतं आणि रोज त्याचे चाळीस रुपये भरत होते. वर आपण आज साखर वाचवली म्हणून संध्याकाळी हक्कानं प्लेटभर भजी, आणि रविवारी दोन इमरत्या, कारण आठवडाभर कोला डाएटचा होता. जमेला काहीच नाही आणि खर्च मात्र रोजचा.

पण चूक एकट्या माझी आहे का? वीस वर्षं सगळ्यांनी सांगितलं डाएट घ्या, शुगर-फ्री घ्या. आम्ही घेतलं. मग २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वजन कमी करायला हे गोडवे वापरू नका, दीर्घकाळात चरबी कमी होत नाही. जुलैत त्यांच्याच कर्करोगवाल्या संस्थेनं ॲस्पार्टेम 'कर्करोग होऊ शकेल' वाल्या यादीत टाकलं, आणि त्याच दिवशी दुसऱ्या समितीनं सांगितलं की किलोमागं रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत चालतंय, पूर्वीसारखंच. माझ्या वजनाला तो हिशोब केला तर बराच कोला बसतो, म्हणजे जाड असण्याचा एवढा एक फायदा. आणि घरी वेगळीच तऱ्हा. सासूबाई माझ्यावरच्या मायेनं शुगर-फ्रीच्या गोळ्या चहाच्या आधणातच टाकतात आणि दहा मिनिटं उकळतात, ॲस्पार्टेम तसं उकळलं की त्याची गोडी जाते, मग चहा फिका लागतो, मग त्या प्रेमानं वरून चमचाभर साखर घालतात. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात चालायला जात जा. कुठं चालू? मेमध्ये? सकाळी सहाला डबा, सातला शाळा, आणि संध्याकाळी गल्लीतून चालायला निघालं की प्रत्येक ओट्यावरून "कुठं निघालात म्याडम, कमी दिसंना की."

आजी आता घरच्या गोष्टीवर आल्या होत्या. दोन एकर ऊस. फेब्रुवारीत तोड झाली, कारखान्याला गेला, बिल अजून नाही. "चौदा दिसात द्यायचा कायदा हाय म्हंतेत." मी म्हणलं हो, आहे तसा कायदा. "मंग?" त्या माझ्याकडंच बघत होत्या. मला कळेना मी काय करू. "साखर खपंना म्हंतेत. गोदामात पोती पडून हायती म्हंतेत." परत वरून खालपर्यंत चष्मा. "तुमच्यावाणी शिकल्याली मान्सं साखर सोडून फवारा प्यायला लागल्यावर कशी खपंल?"

म्हणजे तीन महिन्यांत माझं स्वतःचं सातशे ग्रॅमही उतरवता आलं नाही, पण एका म्हातारीचं दोन एकराचं बिल मात्र मी अडवून धरलं. भाचा म्हणला, "मावशी, देऊन टाक ना त्यांचे पैसे." त्याला मी नंतर बघितलं.

तेवढ्यात मालकानं टेबलावर ग्लास ठेवला. काठोकाठ, वर फेस, लिंबू, आलं, बर्फ. "घ्या म्याडम. पैसं घेतलेत तर माल देतो मी. उगं कुणाचं ठिवत न्हाई."

आता माणसाला मान असतो. घसा कोरडा पडला होता, डबा कोमट झाला होता, आल्याचा वास थेट मेंदूत चालला होता, तरी मी म्हणलं, नको.

"मंग वाया कशाला घालवायचा," म्हणत आजींनी ग्लास उचलला. "गोळ्यांनी त्वांड कडू झालंय."

अर्धा ग्लास संपल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. "आजी, तुम्हाला शुगर आहे का?"

"हाय की. अडीचशे."

"अहो मग! डॉक्टर काय म्हणाले?"

"डोळ्याचा डाक्टर हुता. डोळ्याचं म्हणला."

"पण ऑपरेशनच्या आधी—"

"आदी कमी केल्ती. झालं की आता आप्रेशन."

अख्ख्या रसवंतीत ह्या बाई एकट्याच, ज्यांनी रसाऐवजी माझा डबा प्यायला असता तर त्याला काही अर्थ होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या सूचनेतसुद्धा आधीपासून मधुमेह असलेल्यांना वगळलेलं आहे. मी डबा पुढं केला, म्हणलं आजी, ते ठेवा, हे घ्या. त्यांनी एक घोट घेतला. "गोड हाय की," म्हणल्या, आणि मग चेहरा हळूहळू वाकडा झाला. "मागनं कडू लागलालंय." डबा परत माझ्या हातात, आणि ग्लास परत तोंडाला. मी काढून घ्यायला हवा होता. पण सत्तरीच्या बाईच्या हातातून ग्लास ओढायचा, तेही एवढी माणसं बघत असताना, मला जमलं नाही.

नातू आला तेव्हा ग्लासच्या तळाशी नुसता बर्फ होता. पंचविशीचा पोरगा, घामानं भिजलेला, त्यानं ग्लास बघितला, आजी बघितली, मग मला बघितलं. "म्याडम, शिकलेल्या दिसताव तुम्ही. शुगरच्या पेशंटला रस पाजताव?"

मी आजींकडं बघितलं. आजींनी पदरानं ओठ पुसले, काळा चष्मा नीट केला आणि म्हणल्या, "म्या नगंच म्हणत हुते रं. त्येंनीच पैसं भरले."