यूकॉनचं काय होणार? पेजचं सोडा, गुडघ्यांचं बोला

हे लिहितोय तेव्हा अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा २०२५-२६ चा हंगाम तोंडावर आलाय आणि यूकॉनचा, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघाचा, विषय निघाला की जो तो एकच विचारतो, संघाची स्टार गार्ड पेज बेकर्स कॉलेज संपवून गेली, आता कसं? संघ गतविजेता आहे, एपी या वृत्तसंस्थेच्या हंगामाआधीच्या क्रमवारीत पहिला आहे, तरी चर्चेला सुतकी सूर लागलाय. मला यात काही तथ्य वाटत नाही. काळजी करायचीच असेल तर त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत, आणि त्या पेजशी फारशा संबंधित नाहीत.

आधी एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची ६ एप्रिल २०२५ ची फायनल आठवा. टॅम्पा, समोर प्रशिक्षक डॉन स्टेलीची साउथ कॅरोलिना, निकाल ८२-५९. पेजचे गुण किती? १७. ॲझी फडचे २४ आणि सारा स्ट्राँगचे २४, वर साराचे १५ रिबाउंड. फायनल फोरमधली, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीतली, सर्वोत्तम खेळाडू ठरली ॲझी. म्हणजे ज्या सामन्याने यूकॉनला २०१६ नंतरचं पहिलं आणि एकूण बारावं विजेतेपद मिळवून दिलं, तो सामना मुख्यतः ज्या दोघींनी जिंकून दिला त्या दोघीही यंदा याच संघात आहेत. पेजचं मोठेपण मी नाकारत नाहीये. त्याच स्पर्धेत ओक्लाहोमाविरुद्ध तिने ४० गुण केले होते, तो सामना बघितलेला माणूस असं काही बोलणारच नाही. पण सरासरी २० गुणांची खेळाडू गेली की २० गुणांचं भगदाड पडतं, हे गणित बास्केटबॉलमध्ये चालत नाही. तिने घेतलेले शॉट आता दुसरं कुणीतरी घेणार आहे, आणि ते घेणाऱ्या मुली चांगल्या आहेत.

साराबद्दल थोडं. पहिल्या वर्षाची मुलगी एनसीएए स्पर्धेत ११४ गुण करते, नवख्या खेळाडूचा विक्रम मोडते, आणि तरी तिच्याबद्दल आरडाओरडा नाही. कारण ती स्वतःच आरडाओरडा करत नाही. चेहऱ्यावर रेष हलत नाही. उंची ६ फूट २ इंच, म्हणजे सेंटर म्हणावं तर थोडी कमी, पण ती कुठेही उभी राहू शकते. बास्केटखाली पाठ लावून खेळते, बाहेरून तीन गुणांचा शॉट मारते, आणि मला सर्वात जास्त आवडतो तो तिचा पास. फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्याशी चेंडू हातात आला की एक क्षण थांबते, बचाव करणारीचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघते, आणि बास्केटकडे कापत गेलेल्या मुलीच्या बरोबर हातात चेंडू ठेवते. घरातच शिकवणी झालीय म्हणा. तिची आई ॲलिसन फीस्टर. १९९८ मध्ये सोळाव्या मानांकित हार्वर्डने पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर हरवलं, त्या सामन्यात ३५ गुण करणारी ती हीच.

माझं मत असं की यंदाचं आक्रमण साराच्या हातून जायला हवं. गेल्या वर्षी चेंडू वर आणायचा, खेळ मांडायचा हे काम कॅटलिन चेन आणि पेज या दोघींनी केलं. दोघीही गेल्या. आता पॉइंट गार्ड, म्हणजे हे काम करणारी, म्हणून केके अर्नोल्ड. केकेचा बचाव मला फार आवडतो, समोरच्या गार्डच्या अंगाला चिकटून राहते, चेंडू हिसकावते. पण तिचा बाहेरचा शॉट अजून असा नाही की समोरचा संघ घाबरून पुढे येईल. ते मागे सरकतील, बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात गर्दी करतील, आणि मग नव्या सेंटरला, सेरा विल्यम्सला, आत जागाच उरणार नाही. यावर उपाय म्हणजे सारा वरच्या कोपऱ्याशी, तिथून पास, आणि ॲशलिन शेड आणि ॲझी दोन बाजूंना. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून आलेली केली हेकल वेगवान आहे, तिला केकेबरोबर एकत्र उतरवूनही बघता येईल.

सेरा विल्यम्स ही यंदाच्या ट्रान्सफर पोर्टलमधली, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतली, यूकॉनची सर्वात मोठी कमाई. ६ फूट ४ इंच, विस्कॉन्सिनमध्ये सरासरी १९ च्या आसपास गुण, आणि २०२४ मध्ये बिग टेन या लीगची सर्वोत्तम बचावपटू. तिथे सगळा भार तिच्यावर, आणि एनसीएए स्पर्धेचं दार एकदाही उघडलं नाही. इथे भार कमी आणि अपेक्षा दसपट. अशा मुली पहिले दोन महिने चाचपडतात. यूकॉनचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा सरांच्या तोंडाचा पट्टा बाकीच्यांना सवयीचा झालेला असतो, हिला व्हायचाय. तिचे नोव्हेंबरमधले आकडे बघून कुणी लगेच निकाल देऊ नये. गेली काही वर्षं यूकॉनला आत एक खरीखुरी, बास्केटचं रक्षण करणारी सेंटर कमी पडत होती. यूसीएलएच्या ६ फूट ७ इंची लॉरेन बेट्ससमोर उभं राहायला कुणीतरी लागणारच. इजिप्तची जाना एल अल्फी आहे, आइस ब्रेडी आहे, पण सेराच्या येण्याने त्या दोघींवरचं ओझं हलकं होतं.

आता मूळ मुद्दा. गुडघे.

यूकॉनचा गेल्या काही वर्षांचा इतिहास म्हणजे दवाखान्याचा केसपेपर आहे. पेजचा गुडघा डिसेंबर २०२१ मध्ये दुखावला, ऑगस्ट २०२२ मध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध, फाटला, अख्खा पुढचा हंगाम गेला. त्याच हंगामात, जानेवारी २०२३ मध्ये, डीपॉलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला, कारण उतरवायला पुरेशा धडधाकट खेळाडूच नव्हत्या. अकरा वेळा विजेता झालेला संघ आणि सात मुली जमेनात! त्या वर्षी सलग चौदा वेळा फायनल फोर गाठण्याची मालिका तुटली. पुढच्या वर्षी जानाची टाच, ॲझीचा गुडघा, ऑब्री ग्रिफिनचा गुडघा. तरीही उरलेल्या मुली उपांत्य फेरीपर्यंत गेल्या आणि आयोवाकडून ७१-६९ असं हरल्या. एका गुणाने मागे, शेवटचे काही सेकंद, चेंडू आपल्याकडे, आणि आलिया एडवर्ड्सच्या स्क्रीनवर (बचाव करणारीची वाट अडवून उभं राहण्यावर) फाउल दिला गेला. त्या शिट्टीवर अजून भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. मला दिसतो तो बेंच. तिथे बसलेल्यांपैकी अर्ध्या मुली ट्रॅकसूटमध्ये होत्या.

आणि यंदाच्या संघाची सर्वात अनुभवी खेळाडू कोण? ॲझी. शाळेत असताना २०१९ मध्ये एसीएल. यूकॉनमध्ये पहिल्या वर्षी पाय, दुसऱ्या वर्षी गुडघा, तिसऱ्या वर्षी दोन सामने खेळून पुन्हा एसीएल. गेलं वर्ष हे तिचं कॉलेजमधलं पहिलं धड वर्ष. डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टला (खेळाडू निवडीला) जाता आलं असतं, तरी ती पाचव्या वर्षासाठी थांबली. तिला शॉट मारताना बारकाईने बघा. स्क्रीनच्या आडून ती धावत येते, पण चेंडू हातात पडायच्या आधीच तिचे पाय जमिनीवर रोवलेले असतात, खांदे बास्केटकडे वळलेले असतात. चेंडू आला की फक्त वर जायचं. इतका स्वच्छ शॉट सध्या कॉलेजमध्ये दुसऱ्या कुणाचा नाही असं माझं मत, वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. पण हा शॉट टिकतो तो धावून धावून मोकळं होण्यावर. म्हणजे प्रत्येक सामन्यात शेकडो वेळा थांबणं, वळणं, पुन्हा वेग घेणं. आणि एसीएल बहुतेक वेळा याच क्षणांना फाटतो. धक्का लागून कमी, एकटीच उतरताना किंवा दिशा बदलताना जास्त. महिला बास्केटबॉलमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, उपाय मात्र अजून अर्धवट.

फक्त यूकॉनचंच असं नाही. सदर्न कॅलिफोर्नियाच्या जूजू वॉटकिन्सचा गुडघा मार्च २०२५ मध्ये, ऐन स्पर्धेत गेला, आणि ती हा पूर्ण हंगाम खेळणार नाही. त्या संघाचं गणित तिथेच बिघडलं. साउथ कॅरोलिनाची क्लोई किट्स ऑक्टोबरमध्ये सरावात एसीएल फाडून बसली. स्टेली बाईंकडे देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारी तानिया लॅटसन आली म्हणून त्यांचे चाहते खूश होते, तोवर हे झालं. यूसीएलए आणि टेक्सास सध्या सुस्थितीत आहेत. टेक्सास मॅडिसन बुकरवर आणि यूसीएलए बेट्सवर उभं आहे, आणि त्यांच्या बाबतीतही माझा शेवटचा प्रश्न तोच, मार्चमध्ये या दोघी चालत असतील ना?

म्हणून माझं म्हणणं आहे की यूकॉन ज्यात खेळतं त्या बिग ईस्ट या लीगकडे यंदा वेगळ्या नजरेने बघावं. एरवी आम्ही चाहते तिला नावं ठेवतो. दहावीच्या मुलाने वर्षभर चौथीची गणितं सोडवावीत तसा प्रकार आहे. २०२० मध्ये यूकॉन या लीगमध्ये परत आलं, तेव्हापासून लीगमधल्या प्रतिस्पर्ध्यांकडून पराभव किती? तीन. व्हिलानोव्हा, मार्केट आणि सेंट जॉन्स. व्हिलानोव्हाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हरवलं तेव्हा लीगमधल्या सलग १६९ विजयांची मालिका संपली होती. १६९! त्याआधीच्या अमेरिकन ॲथलेटिक लीगमध्ये तर सात वर्षांत एकही हार नाही. अशा लीगमध्ये संघ चाळीस-चाळीस गुणांनी जिंकतो आणि आम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे. मग मार्चमध्ये चौथ्या क्वार्टरला कुणीतरी गळा धरतं आणि लक्षात येतं की अशी वेळ वर्षभरात आलीच नव्हती.

हा तोटा खरा आहे. पण फायदाही तिथेच आहे. चाळीसने जिंकायचं कशाला? पंचवीसने जिंका. जानेवारी-फेब्रुवारीत ॲझीला वीस मिनिटांच्या वर खेळवायची गरज काय? इक्वेडोरची ब्लांका किन्योनेझ, ॲली झीबेल, हेकल, ब्रेडी यांना मिनिटं द्या. एखादा सामना ॲझीला बसवूनच ठेवा. ऑरिएमांची सवय उलटी आहे. विश्वास बसलेल्या सात-आठ जणींवर ते खेळतात आणि उरलेल्यांना सामना संपता संपता उतरवतात. १९८५ पासून एकाच कॉलेजात, बाजूला सहप्रशिक्षक क्रिस डेली तेव्हापासूनच, बारा विजेतेपदं, कॉलेज बास्केटबॉलमध्ये कुणाहीपेक्षा जास्त विजय. अशा माणसाला मी काय सांगणार. तरी सांगतो, कारण फेसबुक त्यासाठीच आहे.

आणि चौथ्या क्वार्टरचा सराव? तो लीगच्या बाहेर. पहिलाच सामना जर्मनीत, रामस्टाइनच्या अमेरिकी हवाई तळावर लुईव्हिलशी. पुढे मिशिगन, सदर्न कॅलिफोर्निया, आयोवा, नोत्र दाम, टेनेसी. यातला नोत्र दामचा सामना मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे. त्यांची हॅना हिडाल्गो चेंडू आणणाऱ्या गार्डला श्वास घेऊ देत नाही, आणि यूकॉनचा कच्चा दुवा नेमका तोच. गेल्या वर्षीचे तीन पराभव आठवा: नोत्र दाम, सदर्न कॅलिफोर्निया, टेनेसी. सदर्न कॅलिफोर्निया दोन गुणांनी, टेनेसी चार गुणांनी. म्हणजे पेज असतानाही अटीतटीचे सामने सुटले होतेच. ‘शेवटी चेंडू पेजला द्या’ हा उपाय दरवेळी चालत नव्हता, आता तर तो हाताशीच नाही, त्यामुळे दुसरा काही बसवावाच लागेल. मला तर हे बरंच वाटतं.

सलग दुसऱ्यांदा जिंकणं सोपं नाही. २०१३ ते २०१६ अशी सलग चार विजेतेपदं यूकॉनने मिळवली, त्यानंतर कुणालाही विजेतेपद राखता आलेलं नाही. साउथ कॅरोलिना गेल्या वर्षी फायनलपर्यंत पोहोचून पडली, तीही आपल्याच हातून. आता पोर्टलमुळे दर एप्रिलमध्ये निम्मा देश संघ बदलतो, जुलै २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभाही मिळालीय. एका मोसमात संघ उभा करता येतो, तसाच दुसऱ्याच मोसमात मोडताही येतो. यूकॉनने फायनलमधल्या दोन मुख्य खेळाडू राखल्या, ही त्या मानाने मोठीच गोष्ट.

तर माझा अंदाज: लीगमध्ये हार नाही, लीगबाहेर एखादी, आणि फिनिक्सला फायनल फोरमध्ये नक्की. तिथे यूसीएलए समोर आली तर सेरा विल्यम्स कितव्या मिनिटाला तिसरा फाउल घेते यावर बरंच ठरेल. साउथ कॅरोलिना आली तर मला फारशी धास्ती नाही. अट एकच, मार्चच्या पहिल्या आठवड्यात ॲझी आणि सारा दोघी दोन्ही पायांवर धड उभ्या असायला हव्यात. दोघींपैकी एक जरी नसली तर यूकॉन माझ्या यादीत चौथ्या क्रमांकावर घसरतं, यूसीएलए, टेक्सास आणि साउथ कॅरोलिनाच्या खाली.