मालक हयात आहे, एवढं पुरे

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच धोशा आहे: मुखत्यारपत्रावर फ्लॅट विकू देऊ नका, मालकाने स्वतः यावं, सुप्रीम कोर्टानेच बंदी घातली आहे. रोख माझ्यावर आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि तिथला माझा फ्लॅट मुखत्यारपत्रावर माझ्या वतीने ताई विकते आहे.

बंदी कसली? सूरज लॅम्प खटल्याच्या 2011च्या निकालात कोर्ट म्हणालं की रीतसर खरेदीखत न करता नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही. बायकोला, मुलाला, बहिणीला खरेदीखत करून देण्यासाठी दिलेलं खरं मुखत्यारपत्र चालतं, हेही त्याच निकालात आहे. तेवढा परिच्छेद कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि आम्ही काय फुकटात सुटतो? वकिलातीत रांग लावून सही साक्षांकित करायची, कागद तिकडे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं. दुय्यम निबंधकापुढे ताईने घोषणापत्र द्यायचं की लिहून देणारा हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही. वर टीडीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातूनच कापला जाणारा कर! 50 लाखांच्या पुढच्या व्यवहारात तिथे राहणाऱ्याचा 1 टक्का कापतात. माझ्या दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के, शिवाय अधिभार.

इथे इंग्लंडमध्ये आमच्या शेजारणीने आईचं घर एलपीएवर (‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’, म्हणजे देणाऱ्याचं भान गेल्यावरही चालणारं इथलं मुखत्यारपत्र) विकलं, गल्लीत कोणी भुवईही उचलली नाही. (एलपीएची नोंदणी व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात, ते सोडा.) आईला तोवर माणसं ओळखू येत नव्हती, तरी कागद चालला, कारण तो त्यासाठीच असतो. आपल्याकडे 1872च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याचं भान गेलं की साधारणपणे मुखत्यारीही संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच कागद रद्दी, आणि घरच्यांनी पालक नेमून घ्यायला कोर्टात जायचं. भांडायचंच तर ग्रुपने यावर भांडावं! सोसायटीतले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत.

‘दोन दिवस येऊन जायला काय होतं?’ असं एकाने विचारलं. काही होत नाही. रजा शिल्लक आहे, तिकीट परवडतं. मला यायचं नाही. विकणारा म्हणून कॅमेऱ्यापुढे बसून अंगठा द्यायचा, आणि संध्याकाळी बॅग घेऊन जायचं कुठे? ताईकडे, पाहुणा म्हणून.

परवा फोनवर ती म्हणाली, ‘रिकामं करण्याआधी एकदा बघून जातोस का?’ मी तिला टीडीएसच्या कमी कपातीच्या दाखल्याचं काय झालं ते विचारलं.