जागृती करावी, पण शेजाऱ्याची

जानेवारी लागला की आपल्याकडे तिळगूळ, हळदीकुंकू आणि रस्ता सुरक्षा एकापाठोपाठ येतात. यातली रस्ता सुरक्षा १९८९ पासून आठवडाभराच्या मुक्कामाला यायची. २०२१ मध्ये ती पहिल्यांदाच महिनाभर राहिली. पाहुणी एवढी थोर आणि तुमच्या प्रभागात अजून साधी समितीसुद्धा नेमलेली नाही, असं कानावर आलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जागृती दुसऱ्याची करायची असते. आपण जागेच असतो. सिग्नल तोडतो तो दुसरा, मोबाइलवर बोलत गाडी हाकतो तो दुसरा, ट्रिपल सीट जाणारी पोरं तर शेजारच्या सोसायटीतली. आपण फक्त ‘इथं कोपऱ्यापर्यंत’ निघालेलो असतो, आणि कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्याला मोटार वाहन कायदा लागू नाही हे निदान पुण्यात तरी सर्वमान्य आहे. उलट दिशेने दोनशे फूट गेलो तर त्याला राँग साइड म्हणत नाहीत, ‘यू-टर्न फार लांब ठेवलाय हो’ असं म्हणतात. समोरून बरोबर बाजूने येणारा दचकला, तर त्याच्याकडे जरा रोखून बघावं. दोन-चारदा बघितलं की तो डावीकडे सरकून यायला शिकतो. जागृती जागृती म्हणतात ती हीच.

समितीत आजी चेअरमन, माजी चेअरमन आणि त्या दोघांचं पटत नसल्यामुळे मधल्या खुर्चीवर बसायला एक ज्येष्ठ नागरिक, एवढी मंडळी पुरे. वाहतुकीतला इंजिनिअर मात्र चुकूनही घेऊ नका. तो वळणावरून समोरचं किती अंतर दिसतं, असलं काहीतरी विचारतो, आणि पहिल्याच बैठकीत निष्पन्न होतं की काही दिसत नाही याचं कारण चेअरमनसाहेबांची तिथे कायमची उभी असलेली गाडी हे आहे.

रॅली दुचाकींचीच काढा. पायी फेरी काढायला पदपथ लागतो. तो शोधण्यात सकाळ जाईल. टपरी, विजेचा डीपी, निम्मे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि ‘पदपथावर वाहने लावू नयेत’ या पाटीला टेकवून लावलेल्या मोटारसायकली, यांतून माणूस वाट काढेल, पण बॅनरला निघत नाही. दुचाकींना तसा त्रास नाही. हॉर्न वाजवत, झेंडे नाचवत, दोन सिग्नल ओलांडून मुख्य चौकात यावं आणि तिथे शपथ घेण्यासाठी थांबावं. मागे अँब्युलन्स अडकली तर सोन्याहून पिवळं. तिला वाट करून देतानाचा व्हिडिओ काढता येतो.

फ्लेक्सबद्दल वेगळं सांगायला नको, तुमचा हात कोण धरणार? तरी एक सुचवतो: तो बरोबर वळणावर लावा. ‘वेगावर ताबा ठेवा’ हे वाचायला चालकाला मान वर करावी लागते, आणि मान वर गेली की रस्त्याच्या पातळीपेक्षा वीतभर खाली गेलेलं चेंबरचं झाकण दिसत नाही. त्यामुळे उगाच मन विचलित होत नाही. वर नेते, मध्ये माननीय, खाली इच्छुक, आणि उरलेल्या जागेत संदेश. जागा उरली नाही तर संदेश पुढच्या वर्षी.

आता हेल्मेट. हा विषय हळवा आहे, जपून हाताळा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट घालायला सांगतं, म्हणजे मागे बसणाऱ्यालासुद्धा. पण कायदा सांगणार आणि आम्ही ऐकणार, एवढी आपली पडती वेळ आलेली नाही. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत (हो, जानेवारीतच) पोलिसांनी सक्ती सुरू केली, तेव्हा लोक बिनहेल्मेट गाड्या घेऊन निषेधाला उतरले आणि त्यांत काहींच्या डोक्यावर पुणेरी पगडी होती. पगडीला आयएसआय मार्क नसेल, पण बाणा आहे. तुमच्या व्याख्यानात युक्तिवाद असे घ्या: केस गळतात, मान आखडते, गर्दीत वेगच कुठे असतो, आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही. शेवटचा मुद्दा मांडताना कानातला इअरफोन तेवढा काढून ठेवा.

तरीही हेल्मेट घ्यावंच लागलं तर ते कोपराला अडकवा. आपल्याकडच्या कित्येकांचा मेंदू कोपरात असावा, असा माझा जुना संशय आहे. चौकात मामा दिसले की ते कोपरावरून डोक्यावर जातं, मामा मागे पडले की परत कोपरावर येतं. पट्टा लावायच्या भानगडीत पडू नका. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपटण्याच्या आधीच डोक्यावरून निघून जातं आणि त्यावर ओरखडाही उमटत नाही. घरच्यांना ते पुढे वापरता येतं. खरेदी रस्त्याकडेच्या ढिगातूनच करावी. चांगल्या हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा एक थर असतो, तो आपटताना चेपतो आणि डोक्याला बसणारा मार स्वतः खातो; एकदा चेपला की हेल्मेट बदलायचं. ढिगातल्या हेल्मेटात तसला थर नसतो, सबब बदलायचाही प्रश्न नाही. केवढी बचत! २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. हा आकडा भाषणात घेऊ नका. चहापाण्याच्या आधी बरा वाटत नाही.

चारचाकीवाल्यांनी फार हसू नये. मागच्या सीटवरचा पट्टा हा कव्हरच्या खाली दाबून ठेवण्यासाठी असतो, यावर आपलं एकमत आहेच. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटारीच्या अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर आठवडाभर आपण सगळ्यांनी मागचे पट्टे उकरून काढले. आठवडा संपला, कव्हर परत बसलं.

आता तुमच्या अभियानाचा गाभा, म्हणजे सोसायटीच्या फाटकासमोरचा गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. तिने गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवलंय. गोलाकार असेल तर रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी अलगद पलीकडे गेली पाहिजे. अंगावर पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी पाटी हवी. हे वाचून माझ्या पोटात कालवून आलं. एवढ्या सपाट, सभ्य उंचवट्याला घाबरणार कोण?

आपली पद्धत अशी. शेजारच्या इमारतीचा स्लॅब पडत असतो. रात्री अकराच्या सुमारास मिक्सरवाल्याला चहा पाजून दोन घमेली माल मागून घ्यावा. वॉचमन फावड्याने आकार देतो. उंची किती ठेवायची हे चेअरमन ठरवतात, आणि ती त्या दिवशी त्यांना कोणी कट मारला होता का यावर अवलंबून असते. सकाळपर्यंत माल सुकतो. रंग नाही, पाटी नाही, वरचा दिवा बंद. पहिला दूधवाला त्यावरून उडतो आणि वेग कमी झाल्याची खात्री पटते.

मात्र पुढची मौज बघायला थोडं थांबायला हवं. उंचवटा आणि गटार यांच्यामध्ये दोन्ही टोकांना वीतभर फट राहते. आठवड्याभरात सगळ्या स्कूटर त्या फटीतून जायला लागतात, आणि ती जागा घासून गुळगुळीत होते. म्हणजे मधला रस्ता मोकळा, आणि जिथून आज्जी भाजी घेऊन चालतात त्या कडेला वाहतूक. पहिल्या पावसात उंचवट्याच्या अलीकडे तळं साचतं, कारण तो पाण्याच्या वाटेतच घातलेला असतो. तळ्याखाली खड्डा तयार होतो. खड्ड्यामुळे गाड्या आणखी हळू जातात, म्हणजे खर्च न करता दुसरा गतिरोधक मिळाला. आणि एका बाजूला पाय टाकून मागे बसलेल्या बाईला आधी खड्डा, मग उंचवटा असे दोन धक्के ओळीने बसले की ती घरी पोचेपर्यंत नवऱ्याशी बोलत नाही, पण चेअरमनबद्दल बरंच बोलते.

मुलांसाठी निबंध स्पर्धा हवीच. निबंधाची ताकद आपल्याला मे २०२४ मध्ये कळली. १९ तारखेच्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला. अटींमध्ये अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध होता. देशभर ओरड झाल्यावर पुढे तो आदेश बदलला, पण शब्दमर्यादा मात्र आपल्याला आयती मिळाली. दोन जीव, ३०० शब्द. भागाकार मुलांना सांगू नका, गणित कच्चंच बरं.

निबंधाच्या मुद्द्यांत ‘वेग’, ‘संयम’, ‘माझी आदर्श वाहतूक’ वगैरे द्या. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९अ हे कलम आलं, हा मुद्दा गाळा. त्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. परीक्षक पालकच असणार, त्यांचा मूड जाईल. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना बिनगिअरच्या, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी असतो, हेही नको. आपल्या पार्किंगमधली प्रत्येक स्कूटर १०० सीसीच्या वरची. आपल्याकडे कसोटी सोपी आहे: पाय टेकतात ना जमिनीला? मग क्लासला जाऊ दे की, रिक्षाचे पैसे वाचतात.

अपघात झालाच तर कारण तयार ठेवा: ‘चालकाचा ताबा सुटला’. बातमीत, पंचनाम्यात, श्रद्धांजलीत, कुठेही बसतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या चालकांचे ताबे नेमके त्याच जागी वर्षानुवर्षं सुटत आले आहेत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तर एका अवजड वाहनाने तिथे चाळीसहून जास्त गाड्या चेपल्या. यात उताराचा काही हात असेल का, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडण्याचा असेल का, हा विचार करायला गेलं की रस्ता कोणी बांधला, तपासला कोणी, असे प्रश्न निघतात. चालकाचं बरं असतं. तो बहुधा उत्तर द्यायला उरलेला नसतो. समृद्धी महामार्गावर तर २०२३ मध्ये अपघाताच्या जागी महामृत्युंजय यंत्र बसवलं गेलं होतं. त्यावर गुन्हा दाखल झाला म्हणे. चांगल्या कामाला नाट लावणारे असतातच.

आणि एक गोष्ट अगदी गुप्त ठेवा. रस्त्यावर जखमी पडलेल्याला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस किंवा डॉक्टर अडकवून ठेवू शकत नाहीत. नाव सांगायची सक्ती नाही, पैसे भरायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला हे मान्य केलं आणि २०१९ मध्ये १३४अ कलमाने ते थेट कायद्यात आलं. हे बाहेर फुटलं तर आपली पंचाईत आहे. ‘हात नका लावू, पोलीस केस आहे’ हे वाक्य आपण किती वर्षं वापरतोय! त्या एका वाक्याच्या जोरावर गोल करून उभं राहता येतं, व्हिडिओ काढता येतो, १०८ ला फोन ‘कोणीतरी केलाच असेल’ म्हणता येतं. कायदा माहीत झाला, की मग नुसतं उभं राहायला कारण काय सांगायचं?

शेवटी समारोपाचा कार्यक्रम. मंडप रस्त्यात घाला, वाहतूक आतल्या गल्लीतून वळवा. महाराष्ट्रात २०२२ मध्ये रस्त्यांवर १५ हजारांहून जास्त माणसं मेली, म्हणजे दिवसाला चाळीसच्या वर. तेव्हा दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही, फक्त पाहुणे आल्यावर. मग प्रश्नोत्तरं. इथे सावध राहा. मागच्या रांगेत एक आजोबा असतात, रोज सकाळी दूध आणायला रस्ता ओलांडणारे. ते उठून विचारतात की शाळेसमोरचे झेब्राचे पट्टे पुसले गेलेत ते कधी मारणार, आणि माणसासाठीचा हिरवा दिवा इतका लवकर का जातो, मी निम्म्यातच असतो. पाठोपाठ वळणावरच्या गाडीचा विषय निघणार, हे ओळखावं. त्यांना गप्प बसवू नका, वाईट दिसतं. सन्मानाने व्यासपीठावर बोलवा, एका हातात शाल द्या, दुसऱ्या हातात नारळ द्या. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला माइक धरता येत नाही.