लायसन्स तुमच्या नावावर आहे

सकाळपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर सांत्वन चाललंय. नात्यातल्या एका गृहस्थांची गाडी काल रात्री इथे ग्वाल्हेरात झाशी रोडच्या एका मॅरेज गार्डनबाहेर उभी होती. चोरांनी काच फोडली, मागच्या सीटवरची बॅग नेली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातलं रिव्हॉल्वर नेलं. भरलेलं. शेजारी सुटी काडतुसं होती, तीही गेली.

आणि ग्रुपवर काय चाललंय? "फार वाईट झालं हो." "केवढी महागाची वस्तू." "पार्किंगवाल्याला सोडू नका." एकाने तर विचारलं, काचेचा क्लेम मिळेल ना? काचेचा! शहरात एक भरलेलं रिव्हॉल्वर कोणाच्या हातात आहे हे कोणालाच माहीत नाही, आणि आम्ही काचेची चौकशी करतोय.

मी दुपारी एवढंच लिहिलं, की भाऊसाहेब, ते गाडीत ठेवलंतच का? लगेच दोघांचे खासगीत मेसेज. "ताई, ही वेळ नाही." मग वेळ कुठली? त्या रिव्हॉल्वरने कोणाला तरी गोळी लागल्यावर?

म्हणून इथे लिहिते आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, यांच्याकडे बारा बोरची दुनाळी होती. डबऱ्याजवळ आमची शेती होती, नीलगायी आणि डुकरं उभं पीक लोळवायची, म्हणून लायसन्स. शेतावर एकट्या गड्याजवळ बंदूक सोडायची नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे अण्णा तिथून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी यायचे तेव्हा बंदूकही त्यांच्याबरोबर यायची. एकदा मे महिन्यात आम्ही सगळे शेतावरून जीपने दतियाला पीतांबरा पीठात गेलो. आईचा काही तरी नवस होता. देवळाशी उतरलो आणि अण्णा जीपजवळच थांबले. बंदूक देवळात नेता येत नाही, आणि जीपमध्ये ते ठेवणार नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "हम बैठे हैं न गाड़ी में, आप दर्शन कर आइए।" जुना, विश्वासाचा माणूस. अण्णा त्याला म्हणाले, "लाइसेंस में नाम मेरा है।" एवढंच. आणि उन्हात, खोळीतली बंदूक खांद्याला लावून, आम्ही बाहेर येईपर्यंत उभे राहिले.

देवीच्या दारात जाऊन दर्शन घेतलं नाही. का, तर लायसन्सवर नाव माझं आहे.

आणि काल? बाराती नाचताहेत, जेवणं चालली आहेत, आणि रिव्हॉल्वर डॅशबोर्डच्या कप्प्यात, जिथे लोक गाडीचे कागद आणि बडीशेप ठेवतात.

मोबाईल चोरीला गेला तर तुमचं नुकसान होतं आणि विषय तिथे मिटतो. रिव्हॉल्वर गेलं की नुकसान दुसऱ्या कोणाचं तरी व्हायचं असतं, आणि त्या बिचाऱ्याला अजून ते ठाऊकही नसतं. हजीऱ्यातला एखादा दुकानदार रात्री गल्ला मोजत असेल. मुरारमधली एखादी मुलगी असेल, जिच्या मागे कोणी लागलंय. आपल्या भागात कट्ट्यांची, म्हणजे गावठी पिस्तुलांची, कमी कधीच नव्हती, पण कट्टा अडकतो, हातातच फुटतो, त्याचा भरवसा चोरालाही नसतो. फॅक्टरीत बनलेलं रिव्हॉल्वर दगा देत नाही. म्हणून तर लायसन्सचं हत्यार चोरांना हवं असतं.

हो, चोर तो चोरच. काच त्याने फोडली, शिक्षा त्याला व्हायलाच हवी. हे मला कोणी समजावायला नको.

पण मला त्या गृहस्थांविषयी बोलायचंय. कायदा काय म्हणतो ते तरी वाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे, सार्वजनिक जागी शस्त्र न्यायचं तर ते पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात हवं. तुम्ही मंडपात पनीर खाताय आणि शस्त्र रस्त्यापलीकडे गाडीत, याला ताबा म्हणतात का? आणि अट मोडली तर? शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचं कलम ३०: ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! त्या मॅरेज गार्डनमध्ये दोन ताटांचा खर्चही कदाचित याहून जास्त असेल. कलम १७ खाली लायसन्स निलंबित किंवा रद्द करता येतं, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. आणि आपल्याकडे मर्जी कशी वळते ते ग्वाल्हेरकरांना सांगायला नको.

लायसन्स देताना काय काय मागितलंय इथे, आठवतंय ना? २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात अट होती, १० झाडं लावा, सेल्फी आणा, मग अर्ज पुढे सरकेल. त्याच वर्षी गोशाळेसाठी १० ब्लँकेट. शेजारच्या शिवपुरीत २००८ मध्ये नसबंदी करा आणि बंदुकीचं लायसन्स घ्या, अशी योजना होती. लोकांनी नसबंदी करून घेतली, बंदुकीसाठी! झाडं लावा, जरूर लावा, मला झाडांचं वाईट वाटत नाही. पण एकाही साहेबाने असं का नाही म्हटलं, की आधी तुमच्या घरचं लोखंडी कपाट दाखवा, किल्ली कोणाकडे असते ते सांगा? अर्जाबरोबर सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून घेतात म्हणे. ती हमी फाइलीत जाते. ते कपाट बघायला कोणी आल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

अण्णांचं कपाट मला आठवतं. सागवानी, भिंतीत बसवलेलं. बंदूक खोलून नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, आईच्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली आईच्या कमरेला. म्हणजे अण्णांना रागाच्या भरात काही करावंसं वाटलंच, तर आधी आईला विचारावं लागलं असतं! त्या काळी चंबळमध्ये काय परिस्थिती होती ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. १९७२ ला चंबळमधल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर डाकूंनी हत्यारं खाली ठेवली, तरी नंतर कित्येक वर्षं रात्री त्या रस्त्याने कोणी जात नव्हतं. भीती खरी होती. तरी बंदूक खोलूनच ठेवली जायची.

आजची भीती कसली आहे? सिटी सेंटरहून झाशी रोडला लग्नाला जायचं, रस्ताभर दिवे, जागोजागी पोलीस. रिव्हॉल्वर कशाला? मी सांगते कशाला. शेरवानी किंचित वर करून चार लोकांना कमरेचं होल्स्टर दिसावं म्हणून. "बंदूक तो हमारे यहाँ शान है", हे ऐकून ऐकून माझे कान किटले. आणि मग जेवताना कमरेला टोचतं म्हणून ते गाडीत. ही खरी गोष्ट आहे, ग्रुपवर कोणी लिहिणार नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. निदान तिथे हवेत गोळ्या तरी झाडल्या नाहीत, हे नशीब. हर्ष फायरिंगला २०१९ च्या दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली, तेव्हा कुठे थोडी जरब बसली. मग निष्काळजीपणे शस्त्र गमावणाऱ्यालाही तशीच जरब का नको?

निवडणूक आली की काय होतं, आठवा. २०२३ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा. दोन्ही वेळा ठाण्यांत शस्त्रं जमा करायला हे सगळे शानवाले निमूटपणे रांगेत उभे होते. ते दिवस कसे गेले? कोणाचं लग्न अडलं? कमरेला रिव्हॉल्वर नाही म्हणून कोणी मांडवातून परत आलं? गावाला जाताना, लग्नसराईत, ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करता येतं. पण पावती खिशात ठेवून शान दाखवता येत नाही ना.

माझा भाचा डेन्व्हरला असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, मावशी, आमच्याकडे हे रोजचंच आहे. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांत गाड्यांमधून जाणाऱ्याच सगळ्यात जास्त. त्यांच्या कोलोराडोत १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की रिकाम्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर टणक पेटीत, कुलूप लावून, बाहेरून दिसणार नाही असं, आणि गाडीही बंद हवी. बंदुकांचा देश म्हणतात त्याला, आणि तिथेही एवढं कळलं.

त्याने मग सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट सांगितली, ती ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. २०१५ चा जुलै. एक तरुण मुलगी आपल्या वडिलांबरोबर समुद्राच्या धक्क्यावर फिरत होती. कुठून तरी गोळी आली आणि ती गेली, वडिलांच्या डोळ्यांदेखत. ते पिस्तूल कोणाचं? एका सरकारी रेंजरचं. चारच दिवस आधी त्याच्या उभ्या गाडीतून चोरीला गेलेलं. आईवडिलांनी सरकारवर दावा केला. २०२१ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. म्हणे गाडीत पिस्तूल ठेवणं आणि मुलीचा मृत्यू यांच्यात फार अंतर आहे, मध्ये फार गोष्टी घडल्या. कायद्याच्या भाषेत असेल बरोबर. मी वकील नाही. पण त्या वडिलांना कोणी हे अंतर मोजून दाखवावं. गाडीतून पिस्तूल गेलं नसतं तर मुलगी घरी आली असती.

आणि आपल्या गावाने तरी असं बोलू नये, की आमच्या हातून गेलेल्या हत्याराचं पुढे काय झालं ते आम्हाला काय माहीत. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात गांधीजींवर जे बेरेटा पिस्तूल झाडलं गेलं, ते दोनच दिवस आधी या ग्वाल्हेरात मिळालं होतं. आपल्याच मराठी मंडळींच्या गल्ल्यांत. ते आधी कोणाचं, कोणाच्या हातून कोणाकडे गेलं, यावर आजही लोक बोलतात. लहानपणी आमच्या वाड्यात हा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणायची. अण्णा आणायचे नाहीत. मला वाटतं त्यांच्या त्या कडक नियमांमागे हेही असावं, पण मी कधी विचारलं नाही.

एक मान्य करते. हॉस्पिटलात, कोर्टात, मॉलमध्ये शस्त्र आत नेऊ देत नाहीत, आणि ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याने ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न खरा आहे. त्यांच्यासाठी दारावर कुलूपबंद लॉकर असावेत, नोंद करून. पण आमच्या या गृहस्थांच्या जिवाला धोका नव्हता. नसू दे, कधीच.

हे लिहीत असताना त्यांच्या पत्नीचा फोन आला. मघाशी जेवढी चिडले होते तेवढी आता नाही. वहिनी रडत होत्या. रात्रभर झोप नाही, सकाळपासून पोलिसांचे प्रश्न, आणि घरात मुलगा विचारतोय, आई, आपल्या रिव्हॉल्वरने कोणाला मारलं तर बाबांना पकडतील का? वहिनी म्हणाल्या, मी किती वेळा म्हटलं होतं, घरीच ठेवा. मला त्यांना काही बोलता आलं नाही. चोरीची खबर त्यांनी लगेच ठाण्यात दिली, काडतुसांची संख्याही सांगितली. हे बरोबर केलं, तेवढं श्रेय देते. पुष्कळ लोक लायसन्स जाईल म्हणून दिवसेंदिवस गप्प बसतात.

दतियाहून परतताना आई अण्णांवर खूप चिडली होती. एवढ्या लांब येऊन देवीला पाठ दाखवली म्हणे. अण्णा डबऱ्यापर्यंत बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात एका पहाटे उठून पॅसेंजरने एकटे दतियाला गेले, हात रिकामे ठेवून, आणि दर्शन घेऊन संध्याकाळी परत आले. आईला प्रसाद दिला. ते गेल्यावर माझ्या भावाने तेराव्याच्या आधी दुनाळी ठाण्यात जमा केली आणि पावती आईच्या हातात ठेवली. आमच्यापैकी कोणीही ते लायसन्स स्वतःच्या नावावर करून घेतलं नाही.

तर ग्रुपवर मी हे लिहिणार आहे, आणि इथे आधी लिहिते: या गृहस्थांचं लायसन्स रद्द व्हावं, असं मला वाटतं. नात्यातले असले तरी. नवं रिव्हॉल्वर घ्यायला त्यांना परत परवानगी मिळू नये. गाडीतून शस्त्र गेलं तर लायसन्स गेलंच, असा नियम कलेक्टर कचेरीने लावावा, आणि नूतनीकरणाच्या वेळी घरी येऊन कपाट बघावं. आता ५ वर्षांनी एकदाच नूतनीकरण होतं, तेवढं एक कपाट बघणं कोणाला जड नाही.

आणि माझ्या मित्रयादीत लायसन्सवाले कमी नाहीत, मला माहीत आहे. उद्या शनिवार आहे, लग्नं आहेत. हे वाचत असाल तर आत्ता उठून गाडीचा कप्पा बघा.