गणिताच्या वहीत गोष्ट लिहिली म्हणून डोकं बिघडत नाही

परवा रात्री साडेअकराला बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचा प्रश्न : "दादा, हिचं ते गोष्टी लिहिणं बंद करायला सांगू का?" ही म्हणजे माझी भाची. नववीत आहे, वहीच्या मागच्या पानांवर आकड्यांच्या गोष्टी लिहिते. फॉरवर्डचं म्हणणं असं की गणितात कथा-कविता आणि छंद मिसळले की मुलांची बुद्धी 'विभागली' जाते. चार मुद्दे आणि शेवटी हात जोडून "दहा पालकांना पाठवा". मला तो तिसऱ्यांदा आला, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

पहिला मुद्दा : डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा, दोन्ही एकदम चालवले की गोंधळ. 2013 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजाराहून जास्त लोकांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. 'डाव्या मेंदूची माणसं' आणि 'उजव्या मेंदूची माणसं' अशा जाती त्यांना सापडल्या नाहीत. काही कामं एका बाजूला जास्त होतात, हे खरं आहे, मान्य. पण बहुतेकांच्या बाबतीत भाषेचं काम चालतं ते डावीकडेच! म्हणजे यांच्याच हिशेबाने कविता आणि गणित एकाच वाड्यातले भाडेकरू झाले.

दुसरा मुद्दा वाचून मात्र माझं डोकं फिरलं. "आपल्या पूर्वजांनी शास्त्र आणि काव्य कधीच एकत्र केले नाही." कधीच? अहो, भास्कराचार्यांची 'लीलावती' काय आहे? बाराव्या शतकातलं अंकगणिताचं पुस्तक, अख्खं श्लोकांत. पहिल्याच श्लोकात ते सांगतात की हे गणित मी कोमल, निर्मळ पदांत मांडतोय. (लीलावती नावाची मुलगी, तिचं लग्न, वेळ मोजायच्या घटिकापात्रात पडलेला मोती ही कथा पुढे फारसी भाषांतरात आली, ती सोडून देऊ.) त्यातलं भुंग्यांचं उदाहरण बघा. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. उरला एक भुंगा, केतकी आणि मालती दोघींच्या सुगंधाने ओढला जाऊन हवेतच घिरट्या घालणारा. एकूण भुंगे किती? उत्तर 15. तो अधांतरी भुंगा काढून टाका, गणित तेच राहील, पण आठशे-नऊशे वर्षं कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

आणि वृत्तांचे गण लक्षात ठेवायचं 'यमाताराजभानसलगा'? मराठीच्या तासाला घोकलं होतं ना? लघु-गुरूंच्या, म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांच्या, तीन-तीनच्या जुळण्या आठ होतात. सुट्या लिहायच्या तर चोवीस अक्षरं लागतील. या दहा अक्षरांत कुठूनही सलग तीन उचला, आठही जुळण्या मिळतात आणि प्रत्येक एकदाच. हे काव्य की गणित, ते फॉरवर्डवाल्यांनीच ठरवावं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, मग अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? 1, 2, 3, 5, 8... मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जा, हा नियम जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदशास्त्रात सांगितला. जगभर ही श्रेणी ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक 1202 चं. म्हणजे ही श्रेणी आपल्याकडे कवितेच्या मात्रा मोजताना सापडलेली आहे.

तिसरा मुद्दा रामानुजनचा : त्यांना गणिताशिवाय काही सुचत नसे. बरं, बऱ्याच अंशी खरं. पण त्यापायी ते कॉलेजात बाकीच्या विषयांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले, हे फॉरवर्डात का नाही? आणि आपले देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर? त्यांनी डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून संख्यांच्या एका प्रकाराला 'डेम्लो' नाव दिलं, दुसऱ्याला 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. संख्यांशी असं लाडात बोलणारा माणूस कोरडा नव्हता.

चौथा, "कथेने सराव कमी होतो". पुस्तकात रामूला उगाच साठ कलिंगडं विकत घ्यायला लावणारी गोष्ट असेल, तर हो, वेळ वायाच. गोष्ट वरून चिकटवली की ती निरुपयोगी असते.

भाचीची तशी नाही. कापरेकरांनी शोधलेली 6174 ही संख्या म्हणजे तिच्या गोष्टीतलं गाव. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, पुन्हा तेच. 2024 घेतली तर 3996, 6264, 4176 आणि चौथ्या मुक्कामाला 6174. तिने लिहिलं होतं, "कुठलाही प्रवासी याच गावी पोचतो." मी म्हटलं, 1111 ला विचारलंस का? तिने वजाबाकी केली, गप्प बसली. काल नवीन पान पाठवलंय : वेशीबाहेर नऊ भावंडं राहतात, 1111 पासून 9999 पर्यंत, त्यांनी पहिलं पाऊल टाकलं की ती शून्यात जातात.

बहिणीला तेच पान पुढे पाठवलं.